सांडलेली रेंज

आमच्या पाड्यात रेंज होती ती फक्त एका मोहाच्या झाडाला. घरात नाही, अंगणात नाही, शाळेच्या ओट्यावर नाही. पाड्याच्या वर जिथे आमची नाचणीची वरकस जमीन सुरू होते, तिथल्या बांधावर हे झाड. त्याच्या खालच्या फांदीला फोन टांगला की पडद्यावर दोन काड्या उभ्या राहत. हातभर अलीकडे घेतला की एकच उरे आणि खोडामागे नेला की तीही जाई. हे कोणी शोधून काढलं ते मला आठवत नाही. गुराख्यांपैकीच कोणी असणार, कारण फोन हातात धरून रानभर हिंडायला सवड त्यांनाच होती.

मग फोन झाडावरच ठेवायची पद्धत पडली. तेलाचा रिकामा कॅन कापायचा, त्यात फडकं घालायचं, फडक्यावर फोन ठेवायचा आणि कॅन तारेनं फांदीला बांधायचा. चार-पाच घरांचे फोन असे लटकलेले असत. प्रत्येकानं ट्यून वेगळी ठेवलेली. झाडाजवळ जो असेल तो ट्यून ओळखून खाली हाक द्यायचा, खालच्या शेतातला ती हाक पुढे द्यायचा आणि ज्याचा फोन तो हातातलं टाकून वर पळायचा. तो पोचेपर्यंत फोन वाजायचा थांबलेला असे. पण पलीकडच्यालाही हे माहीत असायचं. तो जरा दम खाऊन पुन्हा लावायचा. आमच्याकडची माणसं चढणीला लागणारा वेळ धरूनच फोन करत.

मी तेव्हा जव्हारला एका सरकारी कचेरीत कारकून होते. खोली भाड्याची. शनिवारी दुपारनंतर जीप धरायची, साखरशेतच्या पुढे उतरायचं आणि पाड्यापर्यंत चालत जायचं, हा माझा क्रम होता. पगारातून घेतलेला माझा पहिला फोन मी आईला दिला होता. तोच झाडावर असायचा. पाड्यात वीज लहर लागेल तेव्हा यायची, म्हणून मी बॅटऱ्या दोन ठेवल्या होत्या. जव्हारहून भरलेली न्यायची आणि झाडावरची रिकामी परत आणायची. कचेरीतली मंडळी म्हणत, तुमच्याकडे झाडाला फोन लागतात का हो? मी म्हणे, लागतात, तुम्ही येऊन तोडून न्या.

तो फोन होता माझ्या धाकट्या बहिणीसाठी.

धाकटी शाळेत रमली नाही. मी आश्रमशाळेत राहून शिकले, ती घरी राहून भात लावायला शिकली. नाल्यापलीकडच्या पाड्यातल्या एका मुलाशी तिनं स्वतःच्या मनानं लग्न केलं. मुलगा चांगला होता, कष्टाळू होता, हसरा होता. पण त्या पाड्यात कोणाकडेही गुंठाभर जमीन नव्हती. भातकापणी आटोपली की सगळा पाडा दारं ओढून वीटभट्ट्यांवर निघून जायचा. आमचा बा शेतकरी, थोरली मुलगी सरकारी नोकरीत, त्याची मान गावात ताठ होती. त्यानं एवढंच सांगितलं की ती माझ्या दारात पाय ठेवणार नाही. तो ओरडला नाही, हात उगारला नाही. त्या दिवसानंतर त्यानं तिचं नाव घेणं सोडलं, आणि घरात तिची आठवण निघाली की तो उठून गोठ्याकडे जायचा.

आईनं भांडण केलं नाही. तिला झाड मिळालं. धाकटी भट्टीवर गेली की तिकडे रविवारी आठवड्याच्या बाजारापुरती खर्ची मिळायची, खर्ची घेऊन ती नाक्यावरच्या बाजाराला जायची आणि तिथल्या लाल डब्यात रुपया टाकून झाडाचा नंबर लावायची. नंबर तिला तोंडपाठ होता. रविवारी दुपार कलली की आई झाडाखाली जाऊन बसे. फोन वाजला की दोघी भराभर बोलत. बोलणं कसलं, इकडे काय पिकलं, तिकडे काय खाल्लं, पायाला भेग पडली, म्हैस व्याली. माळावर आवाज स्पष्ट यायचा. धाकटीचा आवाज फोनमधून बाहेर पडून मला पाच पावलांवर ऐकू यायचा.

बाला कळत नव्हतं असं नाही. रविवारी दुपारी त्याचे बैल नेमके त्याच बांधाच्या खाली चरायला यायचे. इतर दिवशी त्यांना नाल्याकाठचं गवत आवडे. बा आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, काठीनं ढेकूळ फोडायचा आणि फोन बंद झाला की बैल हाकत निघून जायचा. आई आणि मी एकमेकींकडे बघायचो. बोलायचो नाही. बोललो असतो तर त्यानं बैल दुसरीकडे नेले असते.

त्या हंगामात धाकटी दिवसांतली होती. पहिलंच. भट्टीवर जाताना चौथा लागला होता. एका रविवारी ती आईला म्हणाली, "आये, माला तुझ्या हातची आंबील खावीशी वाटते. हितं नाचणी मिळते, पर तिला चवच नाय." घरात आमची बोली वेगळी आहे, इथे मी ती मराठीकडे वळवून लिहिते आहे. बांधाखाली बाची काठी थांबली. आईनं ते पाहिलं की नाही कोण जाणे. ती धाकटीला ताक कुठलं घ्यायचं ते समजावत राहिली.

त्यानंतर काही दिवसांनी, संक्रांतीच्या सुमाराला, बा जेवताना ताटातून मान वर न करता म्हणाला, "पहिलं बाळंतपण आयकडंच होतं. भट्टीवर नाय होत. बोलव तिला. मी आणाय जातो."

आईचा घास तोंडाशी थांबला. मी तिथेच होते. मला इतका आनंद झाला की मी पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर जाऊन रडून घेतलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. धाकटीचा फोन आला की आई तिला सांगणार होती, बा हो म्हणाला, ये. एवढं एक वाक्य पोचवायचं होतं. बाकी सगळं झालेलं होतं.

त्या रविवारी फोन वाजला नाही.

पहिल्यांदा कोणाला काही वाटलं नाही. खर्ची मिळाली नसेल, बाजाराला जाता आलं नसेल. पुढच्या शनिवारी मी बॅटरी बदलायला झाडापाशी गेले तर फोन मरून पडलेला. जी बॅटरी आठवडाभर पुरायची ती मधेच संपली होती. आई म्हणाली, "थकला असंल." मी नवी बॅटरी घातली. पडद्यावर एकही काडी आली नाही. मी फोन फांदीच्या टोकाला नेला, डोक्यावर धरला, बांधावर चढून धरला. काही नाही. बाकीचे फोनही तसेच. रेंज शोधून शोधून ते बिचारे दमून बंद पडले होते.

सोमवारी जव्हारला उतरले तर बसस्टँडवर मोठा फलक लागलेला. वेगवान इंटरनेट आता तुमच्या शहरात. फलकावर एक गोरी मुलगी मोबाइल कानाला न लावता समोर धरून हसत होती. बाजारात ज्या दुकानात सिमकार्डं मिळत तिथे पोरांची गर्दी, कोणी गाणी उतरवून घेतोय, कोणी फोटो. गाणं पूर्वी चहा पिऊन येईपर्यंत उतरायचं, आता म्हणे चहा सांगेपर्यंत उतरतं. मी दुकानदाराला म्हटलं, आमच्याकडची रेंज गेली. तो म्हणाला, "मॅडम, गेली नाही, सुधारली. काम चालू आहे. पुढच्या महिन्यात तुमच्या बाजूला टॉवरच येतोय." पुढचा महिना हा त्याचा आवडता महिना होता. पुढे मी कितीदा तरी त्याच्याकडे गेले आणि दर वेळी टॉवर पुढच्याच महिन्यात येत होता.

मी स्वतःसाठी एक जुना हँडसेट विकत घेतला आणि कचेरीच्या ओट्यावरून झाडाचा नंबर लावून पाहिला. एक बाई अगदी मऊ आवाजात म्हणाली की ती व्यक्ती सध्या संपर्क क्षेत्राच्या बाहेर आहे. मी तिला मोठ्यानं म्हटलं, व्यक्ती कुठेही गेलेली नाही, झाडाखाली बसली आहे. शिपाई माझ्याकडे बघायला लागला.

त्या दिवसांत मला रेंजचं वेडच लागलं होतं. जीपमध्ये ड्रायव्हरच्या शेजारची जागा धरायची आणि फोन तळहातावर ठेवून काड्या बघत बसायचं. जव्हारच्या बाजारात पाचही काड्या. गाव सुटलं, उतार लागला की तीन. पुढच्या वळणावर दरीकडच्या बाजूला दोन, डोंगराकडच्या बाजूला शून्य. साखरशेतच्या अलीकडे एक, तीही जीप थांबली तर. कामासाठी मोखाड्याला जावं लागलं तर तिकडेही तीच तऱ्हा, बाजारात रेलचेल आणि गावाबाहेर पडलं की ठणठणाट. दाभोशाकडे नदीच्या वरच्या माळावर मात्र एकाएकी चार काड्या. तिथे ना घर, ना झोपडी. वावरकडे तर एकही काडी नाही, ड्रायव्हर हसून म्हणायचा, "ताई, खिशात घाला तो, थंडी वाजेल त्याला." वावरचं नाव निघालं की मला शाळेतले दिवस आठवत. त्या बाजूची लेकरं उपासमारीनं गेली तेव्हा आमच्या रस्त्यावरून साहेब-पुढाऱ्यांच्या गाड्याच गाड्या जात होत्या. आम्ही वर्गाच्या खिडकीतून त्या मोजायचो आणि मास्तर ओरडायचे.

टॉवरवर काम करणारा कंपनीचा एक इंजिनिअर मला शेवटी चहाच्या टपरीवर सापडला. बाहेरगावचा, वयानं माझ्याएवढाच. मी त्याला गाठून झाडाचं सगळं सांगितलं. तो हसला नाही, हे मी त्याच्या बाजूनं नोंदवते. त्यानं सांगितलं की वेगवान सेवा द्यायची म्हणून वरच्या अँटेना बाजाराकडे वळवल्या आणि थोड्या खाली झुकवल्या. जिथे माणसं जास्त, तिथे जोर जास्त. मी विचारलं, मग आमची रेंज?

"तुमची रेंज नव्हतीच ती," तो म्हणाला. "तुमचा पाडा आमच्या नकाशात कधी नव्हता. ती सांडलेली रेंज होती. आम्ही सांडणं बंद केलं."

त्यानं हे वाईट हेतूनं म्हटलं नव्हतं. त्याच्या कामात असंच म्हणत असतील. पण माझ्या तोंडाशी शिवी आली. गेली काही वर्षं माझी आई आणि माझी बहीण ज्या धाग्यावर बोलत होत्या, तो कोणाच्या तरी भांड्यातून खाली गळलेला होता. मी चहा अर्धा टाकून कचेरीत गेले.

घरी गेल्यावर मी आईला म्हटलं, फोन मी जव्हारला नेते. तिथे रेंज आहे. धाकटीनं केला की मी निरोप देते. आई तयार होईना. तिच्या मते नंबर झाडाचा होता. धाकटी झाडाला फोन करते, तो जव्हारला कसा वाजेल? मी तिला समजावलं, नंबर फोनच्या पोटातल्या कार्डात असतो, फोन जाईल तिथे नंबर जातो. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आन समज, वाजला. तू बोलशील बा हो बोलला. तुझं तिला खरं वाटायचं नाय. तू दरसाल बोलतीस, बा निवळंल, बा निवळंल. माझ्या तोंडून ऐकंल तवा ती निघंल." यात खोटं काही नव्हतं. तरी एक आठवडा मी फोन नेलाच. रविवारी खोलीवर बसून राहिले, जेवायलाही बाहेर पडले नाही. फोन वाजला नाही. आईचं म्हणणं खरं झाल्यासारखं झालं आणि पुढच्या शनिवारी मी फोन तिच्या हातात परत ठेवला.

भट्टी शोधायचाही प्रयत्न केला. ती भिवंडीच्या बाजूला आहे इतकंच माहीत. मुकादम कोण, हे नाल्यापलीकडच्या पाड्यात विचारावं तर तिथे घरोघर दाराला काट्या लावलेल्या, म्हातारी माणसं तेवढी मागे. त्यांना म्हणे, मुकादमाची गाडी पांढरी होती. मी रजा काढून गेले. रस्त्याच्या दोन्ही अंगांना भट्ट्याच भट्ट्या, धूर, आणि प्रत्येक भट्टीवर आमच्याच कडची माणसं. मी नाव सांगून विचारत फिरले. एका ठिकाणी एक बाई म्हणाली, तशी एक होती, पण त्यांची टोळी दुसरीकडे हलवली. ती धाकटी होती की दुसरी कोणी, हे मला अजून माहीत नाही.

मग रेंज शोधायला मी डोंगर चढले. दर शनिवारी संध्याकाळपर्यंत आणि रविवारी सकाळी, फोन हातात घेऊन. पाड्यातले लोक म्हणायला लागले, हिला वारं लागलंय. शेवटी आमच्या पाड्याच्या मागच्या डोंगरावर, जिथे वाघदेवाचा शेंदूर लावलेला दगड आहे, त्याच्या थोडं पुढे कड्याच्या टोकाला एक काडी उभी राहिली. हलली, गेली, पुन्हा आली. मी जागच्या जागी खाली बसले, उठले तर जाईल या भीतीनं.

त्यानंतर आई रोज तिथे जाऊ लागली. चढ उभा होता आणि तिचे गुडघे दुखत. दुसऱ्या दिवशी बा तिच्याबरोबर पाण्याचा हंडा घेऊन निघाला. वर त्यानं चार फाटे रोवून पाला घातला, सावलीला. दोघं तिथे बसून राहायचे, मध्ये फोन. बाला त्याची कळ दाबता येत नव्हती, पण पडद्यावरची काडी ओळखायला तो शिकला. काडी गेली की तो आईला सांगायचा, आणि ती परत येईना तर फोन उचलून लहान मूल उचलावं तसा हळूच बाजूला सरकवायचा.

मी वर होते तो रविवार मला विसरता येत नाही. ऊन चांगलंच तापलं होतं. खाली मोहाची पानं गळायला लागली होती. आणि फोन वाजला.

आई इतकी धडपडत उठली की पदर फाट्याला अडकून फाटला. तिनं फोन कानाला लावला. पलीकडे बाईचा आवाज होता एवढं मला दुरून कळलं. आईनं पुढचं काही ऐकलंच नाही. इतके दिवस तोंडात धरून ठेवलेलं तिनं एका दमात सांगून टाकलं. "बाय, ये गो. तुझा बा हो बोलला. निघ तिकडून, भट्टी राहू दे. तुझा बा हो बोलला."

बा उभा राहिला होता. तो मोठ्यानं म्हणाला, "सांग, मी येतो घ्यायला. जागा सांग बोल."

मी आईजवळ पोचले होते. फोनमधली बाई थांबत नव्हती. मऊ, गोड आवाज. आता आपल्या शहरात वेगवान इंटरनेट, आजच या नंबरवर संदेश पाठवा. आईचे डोळे माझ्या डोळ्यांना भिडले. तिला कळलं होतं. तिला कार्ड कळत नव्हतं, अँटेना कळत नव्हती, पण आपलं बोलणं समोरच्या माणसापर्यंत जात नाही, हे कळायला काही शिकावं लागत नाही. ती बाई गप्प झाली आणि फोन बंद झाला.

"काय बोलली?" बानं विचारलं.

आईनं फोन फडक्यात गुंडाळला. त्याच्याकडे न बघता ती म्हणाली, "येते बोलली."

मी तोंड उघडलं. आईनं माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. बाच्या चेहऱ्याकडे मी पाहिलं आणि मलाही पुढे बोलवेना. माझ्या लहानपणापासून मी त्याला इतका मोकळा हसताना पाहिला नव्हता. "जागा नाय सांगितली?" तो म्हणाला. आई म्हणाली, "तीच येते बोलली, नवऱ्याबरोबर." उतरताना तो आमच्या पुढे होता आणि वाटेतले दगड बाजूला सारत चालला होता. दिवसांतल्या बाईला ठेच लागू नये म्हणून.

त्यानंतर बा घराच्या कामाला लागला. ओसरीच्या एका अंगाला कारवीचा कूड घालून त्यानं बाळंतिणीची खोली काढली. आईकडून ती शेणामातीनं सारवून घेतली. बाज उसवून नव्यानं विणली. झोळी बांधायला आढ्याला दोर टाकला आणि स्वतः लोंबकळून पाहिलं, तुटतो का. आईनं नाचणी दळून आणली. ती रोज डोंगरावर जातच राहिली, एकटी. बानं विचारलं, आता कशाला जातेस, येते बोलली ना, तर ती म्हणे, मोह वेचाय जाते. डोंगरावर मोहाचं एकही झाड नव्हतं. बाला ते माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं, पण आनंदात माणूस असलं काही धरत नाही.

होळीच्या आधी भट्टीवरची माणसं परतायला लागली. नाल्यापलीकडे टेम्पो थांबल्याचं कोणीतरी येऊन सांगितलं. बानं पागोटं बांधलं आणि बैलगाडी जुंपायला घेतली. गाडीत त्यानं पेंढा अंथरला, त्यावर घोंगडी. पण गाडी निघायच्या आधीच धाकटी नाला ओलांडून येताना दिसली. एकटी, चालत. अंगावरचं लुगडं सैल, चालणं हलकं. आईनं तिचं पोट पाहिलं आणि तिथेच अंगणात खाली बसली.

मुलगी झाली होती, दिवस भरायच्या आधी, भट्टीवरच्या झोपडीत. थोडे दिवस होती. मग ताप आला. धाकटीनं हे सगळं आमच्या दाराबाहेर उभं राहून सांगितलं. ती उंबऱ्याच्या आत आली नाही. तिला कोणी आत यायचं नाही असं सांगितलेलं होतं आणि ये असं सांगितलेलं तिच्यापर्यंत पोचलं नव्हतं.

बाला रडायला येत नव्हतं. तो रागावल्यासारखा बोलला. "येते बोललीस, मग आली का नाय? मी रोज वाटंकडं बघत होतो."

धाकटीनं त्याच्याकडे पाहिलं. लग्नानंतर तो पहिल्यांदाच तिच्याशी बोलत होता. "कवा बोलले मी?" तिनं विचारलं.

बैल शेपट्या हलवत उभे होते.

"मी केला व्हता फोन," धाकटी म्हणाली. "दर रविवारी केला. ती बाई बोलायची, बाहेर हाय, बाहेर हाय. मंग माला वाटलं, तूच झाडावरून फोन काढून टाकला. आय बोलते माझ्याशी, ते तुला पटत नाय म्हणून. मंग मी लावाचा सोडला."

ती जेव्हा लावत होती तेव्हा आई झाडाखाली होती. मी फोन जव्हारला नेला आणि पुढे आई कड्यावर जाऊन बसली, तोवर हिनं लावणं सोडलेलं. दोघी खरं सांगत होत्या. बा तर हो म्हणून बसला होता. मी त्या अंगणात उभी राहून मनात एकेकाकडे बोट दाखवून पाहिलं आणि कोणाकडेच ते थांबेना. बसस्टँडच्या फलकावरची ती हसणारी मुलगी तेवढी राहून राहून डोळ्यांपुढे येत होती.

बा वळला. आईकडे बघून हळूच म्हणाला, "तू बोललीस, येते बोलली."

"त्या दिशी तुझं तोंड बघवंना माला," आई म्हणाली.

यावर त्या दोघांत पुन्हा कधी बोलणं झालेलं मी ऐकलं नाही. बानं बैल सोडले. धाकटीला आईनं आत ओढून नेऊन आंबील दिली. ती तिनं ओसरीच्या कडेला बसून, कुडाच्या त्या कोऱ्या सारवलेल्या भिंतीला पाठ लावून प्यायली. ती खोली कशासाठी आहे हे तिनं विचारलं नाही. वाडगा घासून पालथा घातला आणि ऊन उतरायच्या आत नाला ओलांडून निघून गेली. पुढे त्या खोलीत बियाण्याची कणगी ठेवली.

टॉवर आला. दुकानदाराचा पुढचा महिना दोन पावसाळ्यांनी उजाडला. आमच्या रस्त्याच्या वरच्या टेकाडावर लोखंडी सांगाडा उभा राहिला आणि पाड्यात घराघरांत काड्या उभ्या राहिल्या, ओसरीवर, चुलीपाशी, गोठ्यातसुद्धा. मोहावरचे कॅन एकेकानं सोडवून नेले. जव्हारला तोवर इंटरनेट आणखी पळायला लागलं होतं म्हणे. धाकटीच्या नवऱ्यानंही फोन घेतला. माझा नंबर दिसला की ती उचलायची, मोजकं बोलायची, बरी आहे म्हणायची. घरचा नंबर दिसला की वाजू द्यायची. मी तिला एकदा विचारलं. ती म्हणाली, "ताई, राग नाय गो. पर तो नंबर बघितला की माला ती बाई ऐकू येते."

दिवाळीच्या आधी मी घरी होते. नाल्यापलीकडचा पाडा पुन्हा भट्टीवर निघायच्या तयारीत होता. बानं माझ्यापुढे घरचा फोन धरला. म्हणाला, लावून दे. त्यानं जन्मात कोणाला फोन लावला नव्हता. मी धाकटीचा नंबर लावून त्याच्या हातात दिला. त्यानं तो कानाला धरला, उलटा आहे का असं माझ्याकडे बघून विचारलं, आणि अंगणाच्या मध्यावर जाऊन ताठ उभा राहिला. मी त्याच्या शेजारी होते. फोन पलीकडे वाजत होता. वाजत राहिला. मग वाजायचा थांबला. बानं तो कानावरून काढला नाही.

आई भाकरीचं पीठ मळत होती. हात पिठाचेच, ती दारात येऊन उभी राहिली.

"काय बोलली?" तिनं विचारलं.

बानं फोन खाली घेतला, उपरण्यानं पुसला आणि माझ्याकडे दिला.

"येते बोलली," तो म्हणाला.

आईनं मान हलवली आणि ती आत भाकरी थापायला गेली.